नेम, नंबर आणि चार आकडी बजेट

एअर रायफलवर स्कोप बसवायचाय? मग दुकानात पाय ठेवायच्या आधी 'किती एक्स?' हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. महत्त्वाचे प्रश्न वेगळेच आहेत, आणि ते विचारायला पैसे पडत नाहीत!

मोबाइल घेताना आपण काय बघतो? मेगापिक्सेल. बाइक घेताना? सीसी. लॅपटॉप घेताना? जीबी. म्हणजे काय, तर बॉक्सवर जो आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तो. आपली पिढी आकड्यांवर वाढलेली आहे, त्यात आपला दोष नाही. दहावीपासून अप्रेझलपर्यंत सगळं आकड्यांवरच चालतं ना!

रायफलच्या स्कोपचंही अगदी तसंच आहे. दुकानाच्या काउंटरवर एका बाजूला साधा, काळा, बिचारा दिसणारा ४×३२. दुसऱ्या बाजूला ६-२४×५०, लाल-हिरवा दिवा लागणारा, नळीएवढं लांब भिंग, एकदम हॉलिवूड. किमतीत फरक फारसा नाही. आता सांगा, हात कुठे जाणार? अर्थात हॉलिवूडकडे. आणि तिथेच लोच्या आहे. चार आकडी बजेटमध्ये जेव्हा एवढा मोठा आकडा मिळतो, तेव्हा त्या किमतीत बसवण्यासाठी कुठेतरी कात्री लागलेली असते. ती कुठे लागते, हे कळलं की स्वस्तातला चांगला स्कोप निवडणं खरंच सोपं आहे.

मी या भानगडीत पडले ती बाबांमुळे.

बाबा, एनसीसी आणि मोतीबिंदू

बाबा कॉलेजात असताना एनसीसीत होते. पॉइंट टू टूची रायफल, २५ मीटरची रेंज, खाली सतरंजी. 'पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्यात' ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलीय, की ते नाणं मला ओळखीचं वाटतं. पुढे बँकेची नोकरी, बदल्या, आमची शिक्षणं. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली: स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची, साध्या ४.५ मिमी छर्‍याची एअर रायफल. वाईजवळ आमचं थोडं रान आहे. तिथे मातीच्या उंच बांधासमोर कागदाची टार्गेट्स लावून रविवारी सकाळी तासभर नेमबाजी, मग चहा. आईच्या मते तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात शांत तास.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं झकास दिसायला लागलं. पण रायफल खांद्याला लावली की म्हणायचे, "अगं, टार्गेट दिसतंय, पण पुढची साइटच दिसत नाही. नुसता धूर आहे तिथे." हळूहळू रायफल कपाटाच्या वर गेली. ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे कोणी काही बोलतच नाही. पण रविवारी सकाळी पेपर तीनदा वाचणारा माणूस बघवत नाही हो.

यामागचा फंडा समजून घेण्यासारखा आहे, कारण चाळिशीनंतर तुमचं-माझंही हेच होणार आहे. साध्या साइटने नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: जवळची मागची साइट, हातभर लांबची पुढची साइट आणि २० मीटरवरचं टार्गेट. तिन्ही एकदम स्पष्ट कोणालाच दिसत नाहीत. तरुण डोळ्यातलं भिंग पटापट फोकस बदलतं, म्हणून भागून जातं. वयानुसार ते भिंग ताठर होतं. ऑपरेशनमध्ये बसवलेलं साधं भिंग तर एकाच अंतरावर सेट केलेलं असतं, बहुतेक वेळा लांबच्या. स्कोप नेमकं इथेच कामाला येतो. तो टार्गेट आणि नेमाची फुली, दोन्ही एकाच पातळीवर आणून दाखवतो. डोळ्याला एकाच ठिकाणी बघायचं असतं. म्हणजे बाबांना टार्गेट 'मोठं' दिसायची गरज नव्हतीच. त्यांना फुली आणि टार्गेट एकत्र दिसायला हवं होतं. त्यासाठी चार पट झूमही भरपूर आहे.

माझ्याकडे भाडं, ईएमआय आणि एसआयपी जाऊन उरलेले आठ हजार होते. त्यात स्कोप, तो बसवायचा माउंट आणि छर्‍याचे दोन डबे. बस्स.

आधी हे विचारा: स्कोप हवाच आहे का?

हा प्रश्न मला पुण्यातल्या एका रेंजवरच्या कोच सरांनी विचारला. "मॅडम, तुम्हाला मॅच खेळायची असेल तर स्कोपला हात लावू नका."

खरंय ते. ऑलिम्पिकमधल्या रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलच्या फायनलपर्यंत पोचली, हे सगळं बारीक भोकातून बघून. त्याला डायॉप्टर किंवा पीप साइट म्हणतात. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तोही स्कोपशिवाय! त्यामुळे क्लबात जाऊन सीरियसली शिकायचं असेल, तर पैसे कोचिंगवर घाला.

स्कोप कोणासाठी? ज्यांना १० ते ४० मीटरवर कागदाची टार्गेट्स आणि रिकामे डबे निवांत उडवायचेत त्यांच्यासाठी. आणि ज्यांच्या डोळ्यांना साध्या साइट झेपत नाहीत त्यांच्यासाठी. म्हणजे बाबा, आणि स्क्रीनसमोर दहा तास बसणारे आपण चष्मिश.

एक महत्त्वाची गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. आर्म्स रूल्स, २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. पॉइंट टू टूच्या खऱ्या रायफलला मात्र लागतं. पण लायसन्स लागत नाही म्हणजे वाट्टेल तिथे चालवता येते असं नाही. सोसायटीच्या गच्चीवरून अजिबात नाही. पक्षी, खारी, माकडं यांच्यावर तर नाहीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि शिकार हा गुन्हा आहे. 'स्कोप लावला की कबुतर टिपता येईल का रे?' असं विचारणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला रेंजवर नेऊ नका.

३-९×४० म्हणजे काय रे भाऊ?

आता आकड्यांकडे वळू. ३-९×४० म्हणजे चित्र ३ पटीपासून ९ पटीपर्यंत मोठं करता येतं आणि पुढचं भिंग ४० मिमी व्यासाचं आहे. ४×३२ म्हणजे फिक्स चार पट आणि ३२ मिमीचं भिंग. एवढंच.

यातला छुपा आकडा आहे तो भागाकाराचा. भिंगाच्या मिमीला झूमने भागा. जे उत्तर येईल, तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात येतो. ४×३२ ला ८ मिमी. ३-९×४० ला ९ पटीवर साधारण साडेचार. आणि २४ पटीवर ५० मिमीच्या भिंगाला जेमतेम दोन. आपली बाहुली भर उन्हातसुद्धा साधारण दोन-तीन मिमी उघडी असते. म्हणजे २४ पटीवर चित्र अंधारं होतं आणि डोळा जरा हलला की सगळं काळं! शिवाय झूम वाढला की टार्गेटबरोबर तुमच्या हाताची थरथर, श्वास आणि हृदयाचे ठोकेही तेवढ्याच पटीने मोठे दिसतात. नवख्या माणसाला ते बघून घाम फुटतो, आणि मग तो घाईने चाप ओढतो.

२५ मीटरपर्यंतच्या मजेसाठी चार पट पुरते. सहा-सात पट म्हणजे चैन. नऊच्या वर जाण्यासाठी पैसे मोजायचं कारण नाही.

दुकानदार ज्याचं कौतुक करतात ती ३० मिमीची जाड नळीही अशीच. 'जाड नळी, जास्त प्रकाश' ही निव्वळ थाप आहे. जाड नळीत ॲडजस्टमेंटला जागा जास्त मिळते, एवढंच. आपल्या कामाला एक इंची नळी बास. मात्र त्याहून बारीक, पाऊण इंची नळीचे ४×२० छाप स्कोप, जे रायफलबरोबर 'फ्री' मिळतात, ते सोडून द्या. त्यातून बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून क्रिकेट बघणं.

पॅरॅलॅक्स: ज्याबद्दल कोणी बोलत नाही

हा शब्द ऐकून फिजिक्सची ओरल आठवली ना? घाबरू नका. रिक्षात मागे बसून ड्रायव्हरच्या मीटरकडे तिरकं बघितलं, की काटा भलत्याच आकड्यावर दिसायचा, आठवतंय? जुन्या काटेवाल्या मीटरचं हे सुख होतं. काटा आणि आकडे एका पातळीवर नसले, की डोळा हलवल्यावर काटा सरकल्यासारखा वाटतो. तोच हा पॅरॅलॅक्स.

स्कोपमध्ये फुली आणि टार्गेट हे एका ठरावीक अंतरावरच अगदी एका पातळीत येतात. मोठ्या रायफलींच्या साध्या स्कोपमध्ये ते अंतर १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर असतं. पॉइंट टू टूसाठी बनवलेल्या, म्हणजे 'रिमफायर' स्कोपमध्ये बहुधा ५० यार्ड, म्हणजे ४६ मीटरच्या आसपास. व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू २-७×३२ रिमफायर हा असा ५० यार्डांचा. आणि आपण छर्रे मारणार १०-२५ मीटरवर!

याचा फटका किती बसतो? ४० मिमीचं भिंग, टार्गेट २५ मीटरवर आणि डोळा मध्यापासून अगदी कडेला सरकलेला, असं धरा. ९१ मीटरवाल्या स्कोपमध्ये नेम साधारण १४ मिमी चुकू शकतो. ४६ मीटरवाल्यात साधारण ९ मिमी. तुम्ही नाण्याएवढं टार्गेट मारायला बसलाय आणि नुसतं डोकं हलल्याने जवळजवळ दीड सेंटिमीटर गेला! मग आपण म्हणतो, 'आज हातच चालत नाहीये.' हात बिचारा ठीक असतो.

उपाय दोन. एक, फुकटचा: दर वेळी गाल दस्त्यावर नेमक्या त्याच जागी टेकवायचा, म्हणजे डोळा मध्यावर राहतो. दुसरा, थोडा पैशांचा: 'एओ', म्हणजे ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह असलेला स्कोप घ्यायचा. त्यात पुढची रिंग फिरवून १०-१५ यार्डांपासून पुढचं अंतर सेट करता येतं. काही स्कोपमध्ये हीच सोय डाव्या बाजूच्या नॉबवर असते. चार आकडी बजेटमध्ये जास्तीचे हजार-दीड हजार घालायचेच असतील, तर झूमवर नको, दिव्यावर नको, यावर घाला.

स्प्रिंगचा दुहेरी झटका

आता सगळ्यात मोठी गंमत. एअर रायफलचा झटका तो काय, त्याने स्कोपला काय होणार, असं वाटतं ना?

स्प्रिंगवाल्या रायफलमध्ये चाप ओढला की आतला जड पिस्टन जोरात पुढे जातो, त्यामुळे रायफल मागे येते. मग पिस्टन टोकाला जाऊन थडकतो आणि रायफल पुढे खेचली जाते. म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत दोन उलट झटके. साध्या स्कोपची भिंगं मागच्या झटक्याला तोंड देण्यासाठी आत बसवलेली असतात. पुढचा झटका त्यांच्या हिशेबातच नसतो. त्यामुळे पॉइंट टू टूवर वर्षानुवर्षं सुखात राहणारा स्कोप स्प्रिंग गनवर काही आठवड्यांत राम म्हणू शकतो.

माझ्या क्युबिकलमधल्या शेजाऱ्याने तो हॉलिवूड ६-२४×५० घेतला होता. तिसऱ्याच वीकेंडला आतली फुली तिरकी झाली, चौथ्या वीकेंडला आत काहीतरी खुळखुळायला लागलं. दुकानात गेला तर उत्तर मिळालं, "स्प्रिंग गनवर वॉरंटी नाही साहेब." बिलावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. झूमची २४ पट भिंगं, दिवा, मोठं कव्हर हे सगळं त्या किमतीत बसवताना कात्री लागली होती ती आतल्या पकडीला. बाहेरून ती दिसत नाही ना!

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच: "हा स्प्रिंग एअर रायफलसाठी रेटेड आहे का? तसं बिलावर लिहून द्याल का?" दुकानदार चुळबुळ करायला लागला तर पुढच्या दुकानात चला. तुमच्याकडे हवेच्या सिलिंडरवर चालणारी पीसीपी रायफल असेल, तर हे टेन्शन जवळजवळ नाही. तिला झटका नावापुरताच असतो.

माउंट: बिचारा दुर्लक्षित

स्कोपला रायफलवर धरून ठेवणारी पकड म्हणजे माउंट. स्कोपवर सहा हजार घालायचे आणि माउंट मात्र सगळ्यात स्वस्त, हे म्हणजे नव्या बुटांना सुतळीची नाडी. एअर रायफलवर बहुधा ११ मिमीची खाच असते, मोठ्या रायफलींच्या रुंद पट्टीचे माउंट तिथे बसत नाहीत. आधी मोजून घ्या. स्प्रिंग गनसाठी दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट बरा, आणि त्याला खाली 'स्टॉप पिन' हवी. ती रायफलवरच्या भोकात अडकते. ती नसली तर दुहेरी झटक्यांनी अख्खा स्कोप सरकत मागे येतो, आणि मागे तुमचा डोळा असतो.

डोळ्यावरून आठवलं. स्कोप आणि डोळा यांच्यात साधारण तीन-साडेतीन इंच अंतर राहायला हवं. बसवताना रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल टेकवा, मग उघडा. मान पुढे-मागे न करता पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर स्कोप सरकवा, मान नाही.

दुकानातली पाच मिनिटांची परीक्षा

मी जाताना बुटांचा रिकामा खोका घेऊन गेले होते. दोन्ही बाजूंना इंग्रजी व्हीसारख्या खाचा पाडलेल्या. दुकानातल्या पोऱ्याने माझ्याकडे संशयाने बघितलं, पण खोका काउंटरवर ठेवून त्या खाचांत स्कोप ठेवला की तो हलत नाही आणि निवांत तपासता येतो.

• रस्त्यापलीकडच्या पाटीवरच्या एखाद्या अक्षरावर फुली आणा. स्कोपला हात न लावता डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. फुली अक्षरावरून फार पळाली तर पॅरॅलॅक्स आहे. एओ असेल तर रिंग फिरवून ती थांबते का बघा.

• झूम कमीवरून जास्तीवर न्या. फुली त्याच अक्षरावर राहायला हवी.

• वरचा आणि बाजूचा नॉब फिरवा. प्रत्येक क्लिक स्वच्छ टक्-टक् जाणवला पाहिजे. चिखलात चमचा फिरवल्यासारखं वाटलं तर नको.

• चित्राच्या कडा बघा. मधलं स्पष्ट आणि कडेला इंद्रधनुष्य असेल तर भिंग हलकं. लालभडक चकाकणारी भिंगं दिसायला कूल, पण बऱ्याचदा चित्र हिरवट आणि अंधारं दाखवतात. 'फुली मल्टिकोटेड' लिहिलेलं असेल तर उत्तम.

• स्कोप कानाशी धरून हलकेच हलवा. आत काही वाजलं तर नमस्कार करून परत द्या.

चष्मा असणाऱ्यांनी चष्मा लावूनच तपासा. डोळ्याजवळची रिंग फिरवून फुली तुमच्या नंबरला स्पष्ट करता येते. तुमचा सिलिंड्रिकल नंबर मात्र ती घालवू शकत नाही. आणि नेमबाजी करताना चष्मा हवाच, छर्रा उलटून आला तर डोळा वाचतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे: पावसाळा. नायट्रोजन भरून सीलबंद केलेला स्कोप आतून धुरकट होत नाही. मुंबई-कोकणातल्यांनी हे बघाच, आणि ठेवताना सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. भिंगावर एकदा बुरशी धरली की गेला.

झीरो करणं: पहिली दहा मिनिटं

आम्ही घेतला तो ३-९×३२, एओवाला, एक इंची नळी, बिलावर 'स्प्रिंग एअर रायफलसाठी' असं लिहून घेतलेला. एकसंध माउंट आणि छर्रे धरून आठ हजारांतून तीनशे उरले. त्याचे वाईत पेढे घेतले.

नवा स्कोप बसवला की नेम आपोआप बरोबर येत नाही, तो 'झीरो' करावा लागतो. सुरुवात १० मीटरवर करा, म्हणजे निदान कागदावर तरी लागतं. मग २५ मीटरवर जा. एका छर्‍यावरून काही ठरवू नका. पाच मारा, त्यांच्या घोळक्याचा मध्य बघा, मग नॉब फिरवा. बऱ्याच स्कोपमध्ये एक क्लिक पाव मिनिट कोनाचा असतो. २५ मीटरवर तो छर्रा साधारण १.८ मिमी सरकवतो. घोळका ३६ मिमी खाली असेल तर 'अप'च्या बाजूला २० क्लिक. गणित एवढंच!

आणि २५ मीटरच का? स्कोप नळीच्या वर साधारण साडेचार सेंटिमीटर असतो, आणि छर्रा निघाल्यापासून पडत जातो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २३० मीटरच्या आसपास जात असेल आणि झीरो २५ मीटरवर असेल, तर १५ ते २५ मीटरमध्ये तो फुलीपासून जेमतेम तीन-चार मिमी इकडेतिकडे राहतो. ५ मीटरवर मात्र तो अडीच सेंटिमीटर खाली लागतो, १० आणि ३० मीटरवर सेंटिमीटरभर खाली, आणि ४० मीटरवर पाचेक सेंटिमीटर खाली. जवळचा डबा हुकतो आणि लांबचा लागतो, यात भूत नाही. तुमच्या रायफलचे आकडे थोडे वेगळे येतील. एका रविवारी बसून ते मोजा आणि स्कोपच्या टोपणाच्या आत चिकटवा. फुलीवरच्या बारीक खुणा वापरणार असाल तर झूम एकाच आकड्यावर ठेवा, कारण स्वस्तातल्या बहुतेक स्कोपमध्ये झूम बदलला की त्या खुणांचा हिशेबही बदलतो.

बाबांनी पहिल्यांदा स्कोपमधून बघितलं तेव्हा बराच वेळ चाप ओढलाच नाही. मी विचारलं, "काय झालं? दिसत नाही का?" ते म्हणाले, "दिसतंय गं. बघू दे जरा."

त्या दिवशीचे पाच छर्रे रुपयाच्या नाण्यात नव्हते. चहाच्या बशीत होते. पुढच्या महिन्यात वाटीच्या बुडाएवढे झाले. बाबांनी झूम चारवर ठेवलाय, तो ते हलवू देत नाहीत. आई म्हणते, तिचा शांत तास परत मिळाला.

जाता जाता

• स्प्रिंग गन असेल तर स्प्रिंग-रेटेड स्कोप आणि स्टॉप पिनवाला माउंट. इथे काटकसर नाही.

• १०-२५ मीटरसाठी ४×३२ किंवा ३-९×३२/४०. एओ मिळाला तर सोन्याहून पिवळं.

• बजेट फारच टाइट असेल तर मोठ्या झूमच्या स्वस्त स्कोपपेक्षा फिक्स चार पटीचा स्कोप घ्या. हलणारे भाग कमी, बिघडायला कमी.

• मागे मातीचा बांध किंवा चिंध्या भरलेला जाड लाकडी खोका हवाच. दगडावर, पत्र्यावर आणि पाण्यावर छर्रा उलटतो.

• स्कोप ही दुर्बीण नाही. 'तो कोण येतोय बघू' म्हणून रायफलवरच्या स्कोपमधून बघणं म्हणजे माणसावर रायफल रोखणं. त्यासाठी वेगळी दुर्बीण ठेवा. आणि स्कोपमधून सूर्याकडे कधीही बघू नका.

• उरलेल्या पैशांत दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे छर्रे आणा. प्रत्येक रायफलचा आवडता छर्रा वेगळा असतो, आणि तो सापडला की दोनशे रुपयांत घोळका जेवढा लहान होतो, तेवढा कधीकधी दोन हजारांच्या जास्तीच्या झूमनेही होत नाही.